फक्त राइड दिली

कॅनडातल्या ग्वेल्फच्या त्या बेसमेंटमध्ये दिवस उजाडायचा तो मामीच्या मिक्सरने. खिडकी म्हणजे जमिनीला टेकलेली एक फट. तिच्यातून उजेड यायच्या आधी शेंगदाण्याचा कूट झालेला असायचा, मग घर गरम ठेवणारी फर्नेस भणभणायला लागायची, मग वरच्या मजल्यावर घरमालकांची नात धावत सुटायची आणि तिची पावलं आमच्या छतावर ढोलकीसारखी वाजायची. मामी कॉलेजच्या पोरांना टिफिन पुरवायची. आठवडाभर वरण, भाजी, पोळ्या, आणि रविवारी मच्छीचा रस्सा. कांदा-खोबरं काळं होईस्तोवर भाजून, जवस वाटून, मोठ्या गंजात तो रटरटायला लागला की मामी ओला टॉवेल दाराच्या फटीत खुपसायची. तरी वास वर जायचाच. जिन्यावरून घरमालकीण हिंदीत विचारायची, "भाभी, आज मछली है क्या?" ही तक्रार होती की मागणी, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मामी दोन्ही धरून एक वाटी वर पाठवायची.

माझी नववी अर्धीच राहिली. आई-बाबा गेल्यावर मामाने कुठून कुठून कागद गोळा करून मला इथे आणलं, एवढंच सांगते. त्याच्यामागचं सगळं सांगत बसले तर हे प्रकरण पाण्यापर्यंत पोचायचंच नाही. मी आले तेव्हा मला प्रत्येक गोष्टीची भीती वाटायची. दारावरची बेल वाजली की वाटायचं, मला परत न्यायला आले. म्हणून मी सगळ्यांना थँक यू म्हणत सुटायचे. बसच्या ड्रायव्हरला, दुकानातल्या बाईला, रस्ता ओलांडू देणाऱ्या गाडीला. एकदा ग्रोसरीच्या दुकानाचं आपोआप उघडणारं दार उघडलं, तेव्हाही माझ्या तोंडून निघालं. मामी म्हणाली, "माय, दरवाजाले तरी नको म्हणू." मामा हसला नाही. तो म्हणाला, "म्हणू दे. फुकट आहे ते."

मामा कोंबड्यांच्या कारखान्यात होता. दिवसभर थंडगार हॉलमध्ये उभं राहायचं, बोटं बधिर व्हायची. पण तो मूळचा पाण्याचा माणूस. आम्ही भंडाऱ्याकडचे ढिवर, मासे धरणारे; आजोबांचं सगळं आयुष्य गावच्या तलावात गेलं होतं, मामाचं अर्धं. कामावर जाताना बस नदीच्या काठाने, पुलाच्या बाजूने जायची. मामा ठरवून नदीच्या बाजूच्या सीटवर बसायचा आणि पूल येण्याआधीच मान वळवून तयार असायचा. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं पुलाखाली काठावर बसायचो. तो गळ टाकायचा आणि मला पाण्याकडे बघायला शिकवायचा. बोलायचा फार नाही. पाण्यावरची सुरकुती दाखवून नुसतं म्हणायचा, "पाय, आला." म्हणजे, पाहा, आला.

अविनाश काका आमचे रविवारच्या रश्श्याचे गिऱ्हाईक. नागपूरचे, कॉम्प्युटरमधले, मोठं घर, मोठी गाडी. गाडीची बटणाची किल्ली ते कायम शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचे आणि बोलताना तिच्यावर बोटं वाजवायचे. टिफिन न्यायला आले की दारातच उभे राहून गप्पा. एकदा मामा कोण आहे, कुठला आहे हे त्यांना कळलं. ते एकदम खुलले. "अरे भाऊ, मग तुम्ही लीगला चला ना माझ्याबरोबर. मी दोन वर्षांपासून करतोय. कोर्स फिशिंग म्हणतात. काठी, दोरी, पाण्यावर तरंगणारा फ्लोट. तलावातले कार्प, पर्च, जे लागेल ते. चिठ्ठी काढून जागा मिळते, शिट्टी झाली की सुरू, शिट्टी झाली की बंद. ज्याच्या जाळीत वजन जास्त, तो पहिला."

"नियम गिन काय हायेत?" मामाने विचारलं.

"मी आहे ना. मी सांगतो सगळं."

त्या रविवारी मामाने इस्त्रीचा शर्ट घातला. काकांनी त्याला आपली जुनी काठी दिली आणि पाण्यात सोडून ठेवायची लांब गोल जाळी दिली. तलावाच्या काठाने माणसं दूर दूर बसली होती, बहुतेक म्हातारे इंग्रज, प्रत्येकाच्या बुडाखाली पेटी आणि डोक्यावर छत्री. मी मामाच्या मागे गळांचा डबा घेऊन बसले; काकांची जागा पार पलीकडे निघाली होती. शिट्टी झाली आणि त्यानंतर मी माझ्या मामाला जसं पाहिलं तसं आधी कधी पाहिलं नव्हतं. कारखान्यातला वाकलेला माणूस कुठे गेला कोण जाणे. तो मासा काढायचा, काठीच्या मुठीने डोक्यामागे एकच नेमका फटका द्यायचा आणि मग हळूच जाळीत सोडायचा. आमच्याकडे असंच करतात. मासा तडफडत ठेवणं म्हणजे त्याचे हाल. आजोबांनी मामाला पहिल्यांदा मारलं होतं ते याच्यावरून, की मासा काठावर तडफडतोय आणि हा बघत बसलाय. सगळा वेळ मामा त्या परक्या तलावातल्या माशांशी आपल्या रीतीने नीट वागत होता.

तिथली रीत वेगळी होती. जाळी असते ती मासे जिवंत ठेवायला. वजन झालं की सगळे परत पाण्यात. मेलेला मासा वजनात धरत नाहीत. हे काका सांगणार होते.

शेवटची शिट्टी झाली. वजन करणारा क्लाइव्ह नावाचा पांढऱ्या मिशांचा म्हातारा काटा घेऊन आमच्यापाशी आला, मागे दहा-बारा माणसं. जाळी जड होती. मामाने ती दोन्ही हातांनी वर ओढली, पसरली आणि मागे सरून उभा राहिला. एक मासा हलेना. काठावर कुणी बोलेना. मामाला वाटलं, बघून थक्क झाले. तो माझ्या कानाशी म्हणाला, "विचार बरं, पहिला नंबर काय?"

क्लाइव्ह म्हणाला, "भल्या माणसा, आम्ही यांना जेवायला नेत नाही. आम्ही यांना सोडून देतो." मागून कुणीतरी विचारलं, "मासे तर झाले, बरोबरचे चिप्स कुठे आहेत?" आणि सगळे हसले. मामाही हसला, कारण सगळे हसत होते. मग क्लाइव्हने वळून काकांना विचारलं, ही तुझी माणसं का? काकांचा चेहरा लाल झाला होता. ते म्हणाले, "नो, नो. आय जस्ट गेव्ह देम अ राइड."

तेव्हा माझं इंग्रजी फार कच्चं होतं. पण हे वाक्य मला अक्षर न् अक्षर कळलं. मामालाही कळलं असावं, कारण त्याचं हसू तसंच राहिलं आणि डोळे तेवढे खाली गेले.

आणि तिथून घरी यायला दुसरी सोय नव्हती. बस त्या बाजूला जात नाही. ज्याने आम्हाला ओळख दिली नाही त्याच्याच गाडीत बसायचं होतं. मामाने मासे टाकले नाहीत. पिशवीत भरून पायाशी धरले. काका म्हणाले, "भाऊ, सीटला वास लागेल, सांभाळून बसा." मग वाटभर ते हायवेच्या कामाबद्दल बोलले, विंटर टायर कुठे स्वस्त मिळतात ते बोलले. घर आलं. मी उतरले, आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "थँक यू, काका." ते म्हणाले, "इट्स ओके, बेटा. होतं असं." जणू आम्हीच त्यांना काही केलं होतं आणि त्यांनी ते पोटात घातलं.

तो थँक यू मला आजही टोचतो. माझी मुलगी हे ऐकून म्हणते, "मॉम, यू आर स्टिल मॅड?" मी म्हणते, हो. ती खांदे उडवते. तिला वाटतं राग म्हणजे ताप, उतरतो आपोआप.

त्या संध्याकाळी मामीने रस्सा केला. मामाने भात वरणाशी खाल्ला. दुसऱ्या दिवशी त्याने गळांचा डबा फर्नेसच्या मागे ठेवला, आणि बसमध्ये पलीकडच्या सीटवर बसायला लागला, जिथून नदी दिसत नाही. पुलाखाली जाणं बंद झालं. मी दोनदा म्हटलं, चल ना. तो म्हणाला, "थंडी हाय," आणि बाहेर लोक अर्ध्या चड्ड्यांवर फिरत होते. मामीने तिच्या परीने सूड सुरू केला. होळीला काकांच्या घरून पुरणपोळ्यांची ऑर्डर आली, तर तिने फोनवर गोड आवाजात सांगितलं की हात दुखतो. फोन ठेवून म्हणाली, "आपला रस्सा खाते आन आपल्याले वळखत नाही. खाय म्हणा आता पिझ्झा." आणि त्याच हाताने घरमालकांकडे सात पोळ्या पाठवल्या.

मला तेवढं पुरणार नव्हतं. आमच्यानंतर बाकीच्यांच्या वजनाच्या वेळची एक रीत मी त्या दिवशी पाहून ठेवली होती. क्लाइव्ह काटा धरतो, पण जाळी उचलून द्यायची ती शेजारच्या जागेवरच्या माणसाने, आणि आकडाही त्यानेच वाचायचा, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा. शेजारी साक्षीदार असला की भांडण होत नाही. मामाने जाळी स्वतःच ओढली होती, आणि त्याच्या वेळी काही वाचावंच लागलं नव्हतं. मी ठरवलं की काकांनी माझी जाळी उचलायची, आणि त्यांच्यापेक्षा मोठा आकडा त्यांच्याच तोंडाने वाचायचा. त्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना मी प्रत्येक फावड्याला तो आकडा मनात वाढवत होते. पहाटे टिफिन भरताना, ग्रीनहाऊसमधल्या माझ्या कामावर टोमॅटोचे वेल बांधताना, सगळीकडे माझ्या कानात काकांचा आवाज आकडा वाचत होता. देवासमोर मामी आरती म्हणायची तेव्हा मी हात जोडून हेच मागत होते, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

टिफिनसाठी मामाने एक जुनी व्हॅन घेतली. माझं वय आता लायसन्सला बसत होतं; मी गाडी शिकले. बर्फ गेल्यावर एकटी तलावावर जाऊन क्लाइव्हसमोर उभी राहिले. त्याने मला ओळखलं. म्हणाला, "तू त्या जेवणवाल्यांची." मी म्हटलं, हो, आणि मला सगळे नियम सांगा, मला वाचता येत नाहीत नीट. त्याने मला काठाकाठाने चालवत एकेक नियम सांगितला. ओले हात करून मासा धरायचा, गळ कसा काढायचा, जाळी किती खोल सोडायची. मी इतक्या वेळा थँक यू म्हटलं की तो वैतागून म्हणाला, "पुरे. मासे पळतील." त्या म्हाताऱ्याचे उपकार मी विसरलेले नाही. हसणाऱ्यांत तोही होता, तेही विसरलेले नाही.

पहिले काही सामने मी शेवटून पहिली होते. दोरीचा गुंता व्हायचा. चाऱ्याला मी मामीचा उरलेला भात, शेंगदाण्याचा कूट आणि गूळ मळून न्यायचे. त्यावर फक्त छोटे पर्च यायचे. काका दोन-तीन जागा सोडून बसलेले असायचे, रंगीत पिशव्यांतला महागडा चारा, बाजूला तीन तीन काठ्या. पहिल्याच दिवशी जवळ येऊन म्हणाले, "अरे वैशाली, तू? गुड, गुड." मग मराठीत, हळू आवाजात, "या वेळी मारू नकोस हं त्यांना." माझ्या तोंडात थँक यू आला होता. मी जीभ चावली. खरंच चावली, रक्त आलं.

मासे कसे लागतात ते मी हळूहळू शिकले, पण त्याहून जास्त मी काकांना शिकले. त्यांना स्वस्थ बसवत नाही. सुरुवातीलाच मूठमूठ चारा फेकायचे, मासे गोळा व्हायचे, आणि थोडा वेळ काही लागलं नाही की ते उठायचे, काठी बदलायचे, पेटी सरकवायचे, पुन्हा गोळे फेकायचे धपाधप. मोठे कार्प त्या आवाजाला बुजतात आणि बाजूला सरकतात. कुठे? शेजारी. म्हणून मला त्यांच्या शेजारची जागा हवी होती, दोन्ही कारणांसाठी, आणि चिठ्ठी प्रत्येक वेळी दुसरीकडचीच निघायची.

शेवटचा सामना आला तेव्हा मेपलची झाडं लाल व्हायला लागली होती. मी मामाला म्हटलं, आज तू ये. तो म्हणाला, "मी गाडीत बसीन. पाण्याकडं येत नाही." मी म्हटलं, बस. त्याने व्हॅन पार्किंगमध्ये लावली ती तलावाकडे पाठ करून. मी चिठ्ठी काढली, काकांनी चिठ्ठी काढली. नंबर शेजारशेजारचे निघाले. एवढं मागितलेलं मिळालं की पहिली भीतीच वाटते.

शिट्टी झाली. काकांनी मुठी फेकल्या. मी लिंबाएवढा एक गोळा अलगद सोडला आणि बसले. बराच वेळ मला काहीच नाही, त्यांना तीन मासे. त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. मी फ्लोटकडे बघत राहिले. मग त्यांचं थांबलं. ते उठले. पेटी सरकली, काठी बदलली, धपाधप गोळे. आणि माझ्यासमोरच्या पाण्यावर एक सुरकुती आली, मामा दाखवायचा तशी. पाय, आला. पहिला कार्प इतका जड होता की मला वाटलं दोरी तळाला अडकली. त्याच्यानंतर दुसरा. काका आता माझ्याकडे बघत नव्हते. ते जितके उठत-बसत होते तितकं माझं पाणी भरत होतं. मी ओल्या हातांनी एकेक मासा उचलून जाळीत सोडत होते आणि मनात म्हणत होते, मरू नका रे, आज कुणी मरू नका.

शेवटची शिट्टी झाली. क्लाइव्ह काटा घेऊन आला, मागे सगळी माणसं. काकांच्या जाळीचं वजन मी वाचलं, मोठ्याने, नीट. मग माझी पाळी. काका काठावर गुडघे टेकून वाकले, जाळीची कडी धरली, ओढली. येईना. "अगं, काय भरलंयस," ते मराठीत पुटपुटले. आणखी वाकून दोन्ही हातांनी जोर लावला, आणि तेवढ्यात त्यांच्या वरच्या खिशातून गाडीची किल्ली सुटली आणि डुबुक करून पाण्यात गेली. हात गुंतलेले, जाळी सोडता येईना. आत कार्प उसळत होते, त्यांच्या शर्टावर, चष्म्यावर चिखल उडत होता. क्लाइव्ह म्हणाला, "आधी वजन." आणि काकांनी चिखलाच्या चष्म्यातून काट्याकडे बघत आकडा वाचला. त्यांच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. मागून कुणीतरी म्हणालं, "ऐकू आलं नाही." त्यांना पुन्हा वाचावा लागला. ते मी मागितलंही नव्हतं.

मासे सोडले. एकेक शेपटी हलवत खाली गेला. मग किल्लीची शोधाशोध. तळाशी मऊ चिखल, काठ्या खुपसल्या, जाळ्या फिरवल्या, काही नाही. काकू नागपूरला माहेरी, दुसरी किल्ली घरी. काका काठावरून इकडेतिकडे बघायला लागले, आणि त्यांची नजर पार्किंगकडे गेली. ते स्वतः चालत व्हॅनपाशी गेले. काचेशी वाकून म्हणाले, "भाऊ, तुम्हाला जमेल. तुम्ही तर पाण्यातलेच."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मग खाली उतरला, बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत वळली आणि वर्षभरात पहिल्यांदा पाण्याकडे आला. थंडगार पाण्यात तो मांडीपर्यंत गेला. चिखलात हात-पाय घालून मासे धरणारी आमची माणसं. पायाच्या बोटांनी बघतात ती. मामा हळूहळू सरकत राहिला, डोळे अर्धे मिटलेले. दोनदा वाकला, हात खाली घालून चाचपलं. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला, पँट पिळली आणि म्हणाला, "नाही गवसली, साहेब. चिखल लय हाय."

माणसं पांगायला लागली. क्लाइव्हने काकांकडे पाहिलं, ओल्या पँटमधल्या मामाकडे पाहिलं, आमच्या व्हॅनकडे पाहिलं, आणि काकांकडे बोट दाखवून मला विचारलं, "हा तुमच्याबरोबर आहे का?"

"नो, नो," मी म्हणाले. "वी आर जस्ट गिव्हिंग हिम अ राइड."

काकांनी ऐकलं. ते ऐकावं म्हणूनच मी मोठ्याने म्हटलं होतं. मागच्या बाजूला टिफिनच्या क्रेटांच्या मधे ते बसले, मांडीवर माझी ओली जाळी. मामाने आरशातून पाहिलं. "सांभाळून बसजा वो साहेब," तो म्हणाला, "शर्टाले वास लागंन." मग वाटभर मामा हायवेच्या कामाबद्दल बोलत राहिला. त्यांच्या घरासमोर उतरताना काका म्हणाले, "थँक यू, वैशाली." मी मान हलवली आणि काच वर केली.

घरी मामी रस्सा हलवत होती. मामा तसाच ओला स्वयंपाकाच्या ओट्यापाशी आला, खिशात हात घातला आणि चिखलाने माखलेली बटणाची किल्ली ओट्यावर ठेवली. मामीचा चमचा थांबला. मी मामाकडे बघतच राहिले.

"कुठं होती?" मामीने विचारलं.

"पयल्याच पावलाले पायाखाली आली."

मामीने किल्ली नळाखाली धुतली, पुसली आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसली. "वाळू दे. उद्या टिफिनच्या पिशवीत घालून धाडू." मग तिने मामाला गरम रश्श्याची वाटी दिली, आणि त्याने ती दोन्ही हातांनी धरली, मासा धरतात तशी.

"मंग इतका वेळ त्या थंड्या पाण्यात काय करून रायला होता?"

मामाने एक घोट घेतला. "बरं वाटून रायलं होतं," तो म्हणाला, आणि फर्नेसमागचा गळांचा डबा काढायला उठला.